मुसीवरच्या बावीस कमानी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पॅरिस शहरात सीन नदीवर एक पूल आहे. त्याचं नाव ‘पाँ नफ’, म्हणजे ‘नवा पूल’. हैदराबादेत मुसी नदीवर एक पूल आहे. त्याचं नाव ‘पुराना पूल’. गंमत अशी, की या दोन्ही पुलांचं वर्ष एकच आहे. 1578 साली फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या पुलाची पायाभरणी केली, आणि त्याच 1578 साली गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाने मुसीवर पूल बांधला. तिकडचा पूल पुरा व्हायला 1607 साल उजाडलं. आज तोच पॅरिसमध्ये सीनवर उभा असलेला सगळ्यांत जुना पूल आहे, तरी लोक त्याला नवाच म्हणतात. इकडचा जन्मला तेव्हा अर्थातच नवा होता, पण आज त्याला कुणी पुराना याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारत नाही.

या दोन पुलांची तुलना मी पहिल्यांदा करतो आहे असं नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिरा हिऱ्यांच्या शोधात गोवळकोंड्याला येऊन गेला. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे, की इथला दगडी पूल देखणेपणात पॅरिसच्या पाँ नफपेक्षा फारसा कमी नाही. हिरे पारखणाऱ्या माणसाची ही पावती आहे. दोन्ही पूल एकाच साली सुरू झाले, हे बहुधा त्या बिचाऱ्याच्या ध्यानातही आलं नसेल.

पुराना पूल सुमारे 600 फूट लांब आणि 35 फूट रुंद आहे. नदीच्या तळापासून त्याची उंची 54 फूट. खाली 22 कमानी. हे आकडे पाठ करण्यासाठी मी सांगत नाही. यातल्या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी नदीच्या काठावर बसून केलेला विचार आहे, आणि आज मला त्या विचाराबद्दलच बोलायचं आहे.

आधी पूल बांधणाऱ्या राजाविषयी थोडं सांगायला हवं. इब्राहीम कुतुबशहाची तरुणपणची वर्षं परागंदा अवस्थेत गेली. थोरल्या भावाने, जमशीदने, तख्त बळकावलं आणि इब्राहीमला जीव वाचवून पळावं लागलं. त्याला आसरा मिळाला तो विजयनगरात, रामरायाच्या दरबारी. तिथे तो सुमारे सात वर्षं राहिला. तेलुगू भाषा त्याच्या कानावर पडली, मनात रुजली. 1550 साली तो गोवळकोंड्याच्या गादीवर बसला, तेव्हा फारसीबरोबर तेलुगू कवींनाही त्याने दरबारात मान दिला. अद्दंकी गंगाधर या कवीने आपलं ‘तपतीसंवरणोपाख्यान’ त्याला अर्पण केलं. तेलुगू कवींनी त्याच्या नावाला आपल्या जिभेचं वळण देऊन त्याला ‘मल्किभराम’ करून टाकलं. राजाचं नाव रयत आपल्या उच्चारात घेते, तेव्हा राजा आपला झालेला असतो.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. ज्या रामरायाने आसरा दिला, त्याच्याच विरुद्ध 1565 साली तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांची फौज उभी राहिली, आणि त्या फौजेत इब्राहीमही होता. हा डाग त्याच्या चरित्रावरून पुसता येत नाही. त्याच राजाच्या काळात 1562 साली हुसेनसागर तलाव बांधला गेला, इब्राहीमपट्टणचा तलाव झाला, आणि मरणाच्या दोन वर्षं आधी हा पूल झाला. लढाई जिंकल्याच्या खुणा आज शोधाव्या लागतात. तलावात पाणी आहे, पुलावर माणसं आहेत.

आता तुमच्यातल्या पुष्कळांच्या ओठांवर एक गोष्ट आली असेल. हैदराबादला गेलेल्या प्रत्येकाला ती कुणी ना कुणी ऐकवतोच. राजपुत्र मुहम्मद कुली नदीपलीकडच्या चिचलम गावातल्या भागमती नावाच्या नर्तकीच्या प्रेमात पडला. एका रात्री मुसीला पूर आलेला असताना त्याने घोडा पाण्यात घातला आणि जिवावर उदार होऊन तो पलीकडे गेला. बापाला हे कळलं. पोराचं मन वळणार नाही हे ओळखून त्याने नदीवर पूलच बांधून दिला. म्हणून या पुलाला कुणी ‘प्यार का पूल’ असंही म्हणतात.

गोष्ट फार गोड आहे, पण हिशोबाला टिकत नाही. मुहम्मद कुलीचा जन्म 1565 च्या सुमाराचा. 1578 साली पूल पुरा झाला तेव्हा राजपुत्राचं वय बारा-तेरा वर्षांचं. पूल बांधायला लागलेली वर्षं त्यातून वजा केली, तर पुरात घोडा घालणारा हा प्रेमवीर अजून मौलवीसाहेबांकडे धडे गिरवत असणार! हैदराबादचे थोर इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी भागमतीची ही सगळीच कथा पुराव्याअभावी नाकारली. दुसरीकडे, फरिश्त्यासारख्या त्या काळच्या इतिहासकाराने भागमतीचा उल्लेख केलेला आहेच. हा वाद जुना आहे आणि तो चालू राहील. पण भागमती खरी असो वा नसो, पूल तिच्यासाठी बांधलेला नाही, एवढं वर्षांच्या वजाबाकीवरूनच दिसतं.

मग तो कशासाठी बांधला? नकाशा समोर घेतला की उत्तर मिळतं. गोवळकोंड्याचा किल्ला मुसीच्या उत्तरेला. राज्याचं मोठं बंदर मच्छलीपट्टण, तिकडे आग्नेयेला समुद्रावर. हिरे, कापड, पोलाद, घोडे, सगळ्या मालाची ये-जा या दोन ठिकाणांच्या दरम्यान. किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती दाटली होती, पाण्याची ओढ होती, आणि पलीकडे नदीच्या दक्षिणेला मोकळं माळरान पसरलेलं होतं. पावसाळ्याचे महिने नदी वाट अडवून बसायची. बैलगाड्या काठावर थांबायच्या, व्यापारी हात चोळत बसायचे. मुसीवर पक्का पूल ही राज्याची गरज होती.

पूल झाला आणि तेरा वर्षांनी, 1591 साली, मुहम्मद कुलीने दक्षिण काठावर नवं शहर वसवलं. मीर मोमीन अस्त्राबादी या विद्वान वजिराने त्याची आखणी केली. मधोमध चारमिनार उभारला, त्याच्या चारी बाजूंना चार रस्ते गेले. यालाच आपण हैदराबाद म्हणतो. म्हणजे आधी पूल झाला आणि मग शहर. शहरं वसतात आणि मग सोयीसाठी पूल बांधले जातात, असा आपला नेहमीचा अनुभव. इथे उलटं झालं. गोवळकोंडा, कारवान, पूल आणि मग चारमिनार असा तो रस्ता आहे. पुलाने नदी ओलांडून दिली नसती, तर हे शहर त्या काठावर गेलं नसतं.

आता जरा पुलाच्या खाली उतरून पाहू.

दगडाला ओझं सोसता येतं, ताण सोसत नाही. लांब दगड दोन खांबांवर आडवा ठेवला आणि वरून गाडी नेली, तर तो मधोमध तडकतो. म्हणून गवंड्यांनी कमान शोधली. आधी लाकडाचा साचा उभा करायचा. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी घडीव दगड चुन्यात बसवत वर न्यायचे, आणि अगदी माथ्यावर शेवटचा, कळीचा दगड ठोकायचा. मग साचा काढून घ्यायचा. आता प्रत्येक दगड पडायला बघतो, पण शेजारचा त्याला पडू देत नाही. सगळे एकमेकांवर रेलून उभे. वरून जितकं वजन येईल, तितके ते एकमेकांना घट्ट धरतात. पुराना पुलाच्या कमानी माथ्याला टोकदार आहेत, इराणी वळणाच्या. अशी कमान अर्धगोल कमानीपेक्षा बाजूच्या खांबांना कमी रेटते आणि ओझं अधिक सरळ खाली पोचवते.

पण कमान कितीही पक्की असली, तरी दगडी पुलाचा खरा शत्रू वरच्या ओझ्यात नसतो, खालच्या पाण्यात असतो. पूर आला की पाणी खांबाला धडकतं, दुभंगतं, भोवरे करतं, आणि हे भोवरे खांबाच्या पायाखालची माती-वाळू उकरून नेतात. पाया उघडा पडला की वरचा सगळा हिशोब चुकतो. हैदराबादचा परिसर ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेला आहे, हे इथल्या गवंड्यांचं भाग्य. आणखी एक अडचण असते. दगडी खांब जाडजूड असतात, तेच नदीची वाट अडवतात. खांब बारीक करावेत तर पूल कमकुवत होतो, जाड करावेत तर पाणी तुंबून वर चढतं आणि पुलावरच चाल करून येतं.

या पेचावरचा तोडगा म्हणजे त्या 22 कमानी. 600 फुटांत 22, म्हणजे कमान आणि तिचा खांब मिळून सरासरी सत्तावीस फूट. उन्हाळ्यात मुसी दोन-चार कमानींखालून अंग चोरून वाहते. तेव्हा पाहणाऱ्याला वाटावं, एवढ्याशा नदीसाठी इतका पसारा कशाला? पण बांधणाऱ्याने उन्हाळ्यातल्या नदीचं माप घेतलेलं नाही. त्याने पुरातल्या नदीचं माप घेतलं. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी आणि तिला शहराच्या वर येऊन मिळणारी ईसा, या दोघींचं पाणी इथून जाणार हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने माणसांसाठी वर 35 फुटांची वाट ठेवली आणि नदीसाठी खाली 22 दरवाजे उघडे ठेवले. आपण पुलाकडे वरून पाहतो, म्हणून तो आपल्याला माणसांचा रस्ता वाटतो. खालून पाहिलं तर तो नदीचा रस्ता आहे. माणसाने नदीशी केलेला हा एक करार आहे: तू खालून जा, मी वरून जातो, तुझी वाट मी अडवणार नाही.

हा करार पुढे बराच काळ दोन्ही बाजूंनी पाळला गेला. पुलावरून हिऱ्यांचे व्यापारी गेले, हत्ती गेले, फकीर-बैरागी गेले. पुलापलीकडच्या याच शहरात 1677 साली शिवाजी महाराज अबुल हसन कुतुबशहाचे पाहुणे म्हणून आले होते आणि मादण्णा-आकण्णा या बंधूंनी त्या भेटीची बांधणी केली होती. दहा वर्षांनी, 1687 साली, औरंगजेबाने आठ महिने वेढा घालून गोवळकोंडा घेतला आणि कुतुबशाही संपली. पुढे निजामाच्या काळात शहराला तट बांधून झाला. त्या तटाला दरवाजे होते, त्यांतले आज दोनच उरले आहेत. एक दबीरपुऱ्याचा आणि दुसरा पुराना पुलाचा. राज्य कुणाचंही असो, पुलावरून जाणाऱ्याला पूल विचारत बसला नाही.

मग या पुलाला ‘पुराना’ कधीपासून म्हणू लागले? दुसरा पूल झाला तेव्हापासून. 1831 साली इंग्रजांच्या रेसिडेन्सीजवळ चादरघाटचा पूल झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अफजल दरवाजाजवळ आणखी एक पूल आला. लोकांनी त्याला ‘नया पूल’ म्हटलं, आणि अडीच-तीन शतकं नुसता ‘पूल’ असलेला हा आपोआप ‘पुराना’ झाला. घरात नवी सून आली की कालपर्यंत सून असलेली बाई सासू होते, तसंच हे. दरम्यान पुराच्या माराने जुना पूल खचला होता, त्याची डागडुजी निजाम सिकंदरजाहच्या कारकिर्दीत 1820 च्या सुमारास झाली होती.

आणि मग 1908 साल आलं.

सप्टेंबरचा शेवट होता. मुसीच्या खोऱ्यात पावसाने ठाण मांडलं. शमशाबादला चोवीस तासांत सुमारे 13 इंच पाऊस पडला. या खोऱ्यात जवळपास दर चौरस मैलाला एक याप्रमाणे 788 लहानमोठे तलाव होते. त्यांतले 221 फुटले. एक फुटला की त्याचं पाणी खालच्यावर कोसळायचं आणि तोही फुटायचा. 28 सप्टेंबरला हे सगळं पाणी एकदम शहरात शिरलं. नंतर हिशोब केला गेला, तेव्हा पुराचा जोर 4,25,000 क्युसेक होता असं निघालं. पुण्यात खडकवासल्यातून वीस-पंचवीस हजार क्युसेक सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. यावरून काय ती कल्पना करावी.

मरण पावलेल्यांचा अंदाज पंधरा हजारांचा आहे. अमजद हैदराबादी हे उर्दूतले रुबाईचे मोठे कवी. त्या पुरात त्यांची आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. ते एकटे वाचले आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षं जगले. त्यांच्या रुबायांमध्ये एक संथ, खोल विरक्ती आहे. ती कुठून आली हे मला निराळं सांगायला नको. शब्दांच्या धंद्यातला माणूस म्हणून मी एवढंच म्हणेन, की असं दु:ख झाल्यावर लिहिता येणं हेच मोठं, आणि त्यात नदीला शिवी नसणं हे त्याहून मोठं. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचं एक झाड आहे. त्या दिवशी त्याच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसं वाचली. अजूनही 28 सप्टेंबरला लोक त्या झाडाखाली जमतात.

निजाम मीर महबूब अली खान यांनी राजवाड्याचे दरवाजे पूरग्रस्तांसाठी उघडले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका हैदराबादेत सांगतात, की पूर ओसरेना तेव्हा हा मुसलमान राजा ब्राह्मणांच्या सांगण्यावरून नदीकाठी गेला आणि त्याने मुसीला साडी-चोळी अर्पण करून तिची आरती केली. खरंखोटं करण्यात मी पडत नाही. संकटात राजाने नदीपुढे वाकावं, असं त्या रयतेला वाटलं आणि तिने ते गोष्टीत वाकवलं, इतकं मला पुरे आहे.

पुलांचं काय झालं? चादरघाटचा, मुसल्लम जंग पूल आणि नया पूल, तिन्ही उद्ध्वस्त झाले. पुराना पुलाच्या अंगावरही जखमा झाल्या, पण तो उभा राहिला. दोन काठांना जोडणारा तेवढाच दुवा उरला. त्या दिवसांत एका काठावरचा माणूस दुसऱ्या काठावर आपलं कुणी जिवंत आहे का हे पाहायला निघाला, तर त्याला 330 वर्षांपूर्वीच्या गवंड्याच्या भरवशावरच जावं लागत होतं. मला या पुलाची खरी प्रेमकथा हीच वाटते. भागमतीच्या गोष्टीला एक राजपुत्र लागतो. इथे हजारो माणसं होती आणि त्यांतल्या कुणाचं नाव आपल्यापाशी नाही.

पुरानंतर निजाम सरकारने एका माणसाला बोलावलं. त्याचं आपल्या मुलखाशी जवळचं नातं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, नाशिक-खानदेशात आणि पुण्यात त्यांनी कामं केली. खडकवासला धरणावरची आपोआप उघडणारी दारं ही त्यांचीच करामत. 1909 साली ते हैदराबादेत आले. त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या, फुटलेले तलाव मोजले आणि सांगितलं, की शहराच्या वर मोठे जलाशय बांधा, म्हणजे पुराचं पाणी तिथे थोपवून बेताबेताने सोडता येईल. नदीचे काठ उंच करा आणि तिथे लोकांना फिरायला रस्ते, बागा करा. या सल्ल्यातून 1920 साली मुसीवर उस्मानसागर आणि 1927 साली ईसेवर हिमायतसागर झाला. शहराला पुराचं अभय मिळालं आणि प्यायला पाणीही मिळालं.

इथवरची गोष्ट सुखान्त आहे. पुढचा भाग सांगायला जड जातो. धरणांनी पूर अडवले, तशी रोजची नदीही अडली. शहराला वाटू लागलं, की मुसी आता संपली, हिला एवढं रुंद पात्र कशाला? मग पात्रात भराव पडले, वस्त्या आल्या, इमारती आल्या, आणि शहराचं सांडपाणी नदीत वाहू लागलं. ज्यांना शहरात कुठेच जागा मिळाली नाही, असे गरीब अगदी पाण्याच्या कडेला जाऊन राहिले. ज्यांना सगळीकडे जागा मिळत होती, त्यांनीही पात्रात हातपाय पसरले. अतिक्रमण म्हटलं की आपल्याला नेमक्या झोपड्याच दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. 2020 च्या ऑक्टोबरात मुसीला पूर आला आणि काठच्या वस्त्यांमध्ये पाणी भरलं. 2025 च्या सप्टेंबरअखेर धरणांचे दरवाजे उघडल्यावर नदी थेट महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. लोक म्हणाले, बसस्थानकात पाणी आलं. खरं तर बसस्थानकच नदीच्या पात्रातल्या बेटावर जाऊन बसलं आहे. पाणी आपल्या घरी आलं होतं. करार आपण मोडला होता.

हे दूरच्या शहराचं दुखणं म्हणून सोडून देऊ नये. 2016 च्या ऑगस्टात महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला कमानींचा पूल ऐन पुरात रात्री कोसळला. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहनं माणसांसकट नदीत गेली. जुना दगडी पूल बोलत नाही. त्याच्या सांध्यातला चुना निघतो, पिंपळाचं रोप भेगेत मूळ धरतं, पायाखालचा खडक उघडा पडतो, आणि वरून गाड्या चालू असतात. त्याच्याकडे खाली उतरून पाहणारा कुणी नेमलेला असावा लागतो. सिकंदरजाहच्या वेळी कुणीतरी खाली उतरून पाहिलं, म्हणून 1908 साली पूल उभा राहिला. पूल बांधणाऱ्याचं नाव शिलालेखावर येतं. राखणाऱ्याचं कुठेच येत नाही. पण पूल उभा राहतो तो राखणाऱ्यामुळे.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हैदराबाद म्हणजे राजधानी होती. 1956 पर्यंत औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद या तेव्हाच्या पाच जिल्ह्यांचा कारभार तिथूनच चाले. खटला हैदराबादेत, नोकरी हैदराबादेत, उस्मानिया विद्यापीठात शिक्षण हैदराबादेत. आमच्या घरात बोलली जाते ती दखनी मुसीच्या काठी ऐकली, की मला तिच्यात मराठी सापडते. नकार द्यायचा तर हैदराबादी माणूस ‘नक्को’ म्हणतो. तो ‘नको’ आपला आहे. एखाद्या गोष्टीवर जोर द्यायचा तर तो ‘इच’ लावतो. तो ‘च’ही आपलाच. हे शब्द कुणी ठराव करून पाठवले नाहीत. गाडीवान, विणकर, शिपाई आणि बाजारहाट करणाऱ्या बायका यांच्याबरोबर ते चालत गेले.

आज पुराना पुलावरून मोठी वाहतूक जात नाही. तिच्यासाठी शेजारी नवा पूल आहे. जुन्या पुलावर भाजीबाजार भरतो. जिथून हिरे गेले, तिथे आता कोथिंबिरीच्या जुड्या आणि हिरव्या मिरचीचे ढीग असतात. काही जाणकारांना त्यात वारशाची विटंबना दिसते. मला तसं वाटत नाही. चार शतकांहून जुन्या पुलावर कुणी भाव करतंय, कुणी सुटे पैसे शोधतंय, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. फक्त भाजीचा पाला कमानींत पडू नये आणि दगडांच्या सांध्यांकडे वेळच्या वेळी कुणी लक्ष द्यावं.

कधी हैदराबादला गेलात, तर चारमिनार पाहालच. थोडी वाट वाकडी करून पुराना पुलाकडेही जा. वर बाजार आहे, पण थोडं बाजूला उभं राहून खाली पाहा आणि कमानी मोजा. उन्हाळा असेल तर बहुतेक कोरड्या दिसतील, वासही येईल. तरी सगळ्या बावीस मोजा. ज्या रिकाम्या दिसतील, त्यांतूनच एक दिवस नदी जाणार आहे. बांधणाऱ्याने त्या तिच्यासाठी राखून ठेवल्या आहेत.